संकेतस्थळाच्या नावाचा सातबारा

डीएनएस नोंदी क्लाउडमध्ये लेखी संहितेतून कशा राखाव्यात?

रिझर्व्ह बँकेने २२ एप्रिल २०२५ रोजी एक परिपत्रक काढले. व्यापारी बँकांबरोबरच नागरी सहकारी बँका, राज्य सहकारी बँका आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका यांनीही आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या नावाखाली आणावीत व हे काम ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत पूर्ण करावे, असा त्याचा आशय होता. ही नावे देण्याचे काम हैदराबाद येथील ‘आयडीआरबीटी’ या, रिझर्व्ह बँकेनेच स्थापन केलेल्या संस्थेकडे सोपविण्यात आले. हेतू सरळ होता. बँकेच्या नावाशी मिळतेजुळते नाव कोणीही विकत घेतो, हुबेहूब तसेच संकेतस्थळ उभारतो आणि ग्राहक फसतो. ‘बँक डॉट इन’ हे नाव बँकांखेरीज इतर कोणाला मिळू नये, म्हणजे खरे-खोटे ओळखण्याची एक खूण तरी ग्राहकाच्या हाती राहील.

कोल्हापूर हा सहकाराचा जिल्हा. येथे नागरी बँका अनेक आहेत आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे जाळे गावोगाव पसरले आहे. मोठ्या बँकांकडे अशा कामासाठी स्वतंत्र विभाग असतात; लहान नागरी बँकेचा संगणक विभाग म्हणजे पुष्कळदा दोन-तीन माणसे आणि बाहेरचा एखादा कंत्राटदार. ग्राहकाला या स्थलांतरात एवढेच दिसते, की पत्त्याच्या चौकटीतील नाव बदलले. त्यामागे मात्र पंधरा-वीस नोंदी एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात न्याव्या लागतात. त्यांपैकी एक चुकली तर संकेतस्थळ उघडत नाही, दुसरी चुकली तर ई-मेल पोहोचत नाही आणि तिसरी चुकली तर बँकेच्या नावाने भलताच कोणी पत्रे धाडू लागतो.

या नोंदींना डीएनएस नोंदी म्हणतात. त्या हाताने बदलण्याऐवजी लेखी संहितेतून बदलण्याची पद्धत गेल्या दहा-बारा वर्षांत रूढ झाली आहे. तिला ‘इन्फ्रास्ट्रक्चर अ‍ॅज कोड’ असे म्हणतात. ही पद्धत काय आहे, ती लहान संस्थेलाही का उपयोगी आहे आणि तिच्यात धोके कोणते, याची ही माहिती.

नाव आणि पत्ता

इंटरनेटवरील प्रत्येक सर्व्हरला अंकांचा पत्ता असतो. माणसाच्या लक्षात नाव राहते, यंत्राला पत्ता लागतो. नावावरून पत्ता सांगणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस, अर्थात डोमेन नेम सिस्टिम. सुरुवातीच्या काळात सर्व संगणकांची नावे व पत्ते एकाच फाइलमध्ये असत आणि ती अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये राखली जाई. संगणक वाढले तशी ती फाइल आवरेनाशी झाली. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी तिच्या जागी वाटून दिलेली व्यवस्था सुचविली आणि १९८७ साली तिचे आजही पाळले जाणारे मूळ नियम प्रसिद्ध झाले.

या व्यवस्थेचे मर्म वाटणीत आहे. सर्वांत वरचे मूळ सर्व्हर फक्त एवढेच सांगतात, की ‘इन’ने संपणाऱ्या नावांची चौकशी कोठे करावी. ‘डॉट इन’ची नोंदवही २००३ साली स्थापन झालेल्या ‘निक्सी’ या संस्थेकडे आहे. २००५ सालापासून ही नावे सर्वांसाठी खुली झाली. तेथून पुढे त्या त्या नावाच्या मालकाने नेमलेल्या नेमसर्व्हरकडे बोट दाखविले जाते आणि अखेरचे उत्तर तोच देतो. एका नावाखालील सर्व नोंदींच्या संचाला ‘झोन’ म्हणतात.

महसुली दप्तराशी याची तुलना केली तर गोष्ट लवकर ध्यानात येते. जमीन कोणाची, किती आणि तिच्यावर बोजा कोणता, हे सातबारा सांगतो. झोन हा नावाचा सातबारा आहे. नाव कोठे राहते, त्याची टपाल कोणी घ्यायची, त्याच्या वतीने सही कोणी करायची, हे सारे त्यात लिहिलेले असते. आणि सातबाऱ्यावरची चुकीची नोंद जशी पिढ्यानपिढ्या भोवते, तशी येथील चूक काही मिनिटांत हजारो लोकांना भोवते.

नोंदींचे प्रमुख प्रकार

ए आणि एएएए: नावापुढे सर्व्हरचा अंकी पत्ता. पहिली जुन्या चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यासाठी, दुसरी नव्या सहाव्या आवृत्तीच्या पत्त्यासाठी.

सीनेम: ‘या नावाचे खरे नाव ते’ असे सांगणारी उर्फ नोंद. झोनच्या मुख्य नावावर ही नोंद करता येत नाही, कारण तेथे इतर आवश्यक नोंदी असतात आणि सीनेमशेजारी दुसरी नोंद चालत नाही. म्हणून अनेक क्लाउड सेवांनी ‘एलियास’ नावाची स्वतःची सोय दिली आहे.

एमएक्स: या नावाचे ई-मेल कोणत्या सर्व्हरने स्वीकारायचे.

टीएक्सटी: मुक्त मजकूर. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी याच प्रकारात मोडतात. आमच्या नावाने ई-मेल कोण पाठवू शकतो, त्यावरील सही कशी पडताळायची आणि खोट्या ई-मेलचे काय करायचे, हे त्या जगाला सांगतात.

एनएस: झोनचे अधिकृत नेमसर्व्हर कोणते.

सीएए: या नावासाठी सुरक्षा प्रमाणपत्र देण्याचा अधिकार कोणत्या संस्थेला.

डीएस: डीएनएससेक या सही-पद्धतीचा दुवा. उत्तर वाटेत कोणी बदललेले नाही, याची खातरजमा यामुळे होते.

जुना उतारा आणि टीटीएल

प्रत्येक नोंदीबरोबर एक आयुर्मर्यादा लिहिलेली असते. तिला टीटीएल म्हणतात व ती सेकंदांत मोजतात. एकदा विचारलेले उत्तर इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीचे सर्व्हर तेवढा वेळ जवळ ठेवतात आणि पुन्हा न विचारता तेच देत राहतात. टीटीएल ८६,४०० असेल, तर आपण नोंद बदलल्यानंतरही पूर्ण एक दिवस काही लोकांच्या हाती जुनाच उतारा असू शकतो. दप्तर दुरुस्त झाले म्हणून वाटलेले उतारे आपोआप दुरुस्त होत नाहीत.

म्हणून जाणकार माणूस मोठ्या बदलाआधी टीटीएल ३०० सेकंदांवर आणतो, जुन्या टीटीएलएवढा वेळ वाट पाहतो, मग पत्ता बदलतो आणि सारे सुरळीत झाल्यावर टीटीएल पुन्हा वाढवितो. वाट पाहण्याची पायरी गाळली तर टीटीएल कमी केल्याचा उपयोग होत नाही.

आणखी एक बाब. ‘असे नाव अस्तित्वात नाही’ हे उत्तरही काही काळ जपून ठेवले जाते. नोंद करण्याआधीच उतावळेपणाने ते नाव उघडून पाहिले, तर नोंद झाल्यावरही काही वेळ ते सापडत नाही. अशा वेळी नोंदीत चूक शोधत बसण्याचे कारण नसते.

हाताने केलेल्या नोंदीचे दुखणे

क्लाउड सेवेच्या संकेतस्थळावर जावे, चौकटीत पत्ता टाकावा, बटण दाबावे, की नोंद झाली. पद्धत सोपी आहे आणि दोन-चार नोंदींपुरती पुरेशीही. अडचण पुढे येते. ही नोंद कोणी केली? का केली? आधी काय होते? कंत्राटदार बदलला, जुना कर्मचारी निघून गेला, की या प्रश्नांची उत्तरेही जातात. मग एखाद्या अनोळखी टीएक्सटी नोंदीला हात लावायला कोणी धजत नाही आणि मोडीत निघालेल्या सर्व्हरकडे बोट दाखविणारी सीनेम नोंद वर्षानुवर्षे तशीच राहते. सोडून दिलेला तो क्लाउडमधील पत्ता दुसऱ्या कोणी आपल्या नावावर घेतला, तर संस्थेच्या खऱ्या नावाखाली त्याचे पान दिसू लागते. असे प्रकार जगभर घडले आहेत.

याहून गंभीर प्रकार ब्राझीलमध्ये घडला. २२ ऑक्टोबर २०१६ रोजी, शनिवारी, चोरांनी तेथील एका बँकेच्या नावांच्या नोंदणी-खात्याचा ताबा मिळविला आणि तिच्या सर्व ३६ नावांच्या डीएनएस नोंदी आपल्या सर्व्हरकडे वळविल्या. कॅस्परस्की या कंपनीने २०१७ साली ही हकिकत जाहीर केली. बँकेचा एकही सर्व्हर फोडावा लागला नव्हता. ग्राहक बरोबर नाव टाकत होते, ब्राउझर सुरक्षिततेचे कुलूप दाखवीत होता, कारण नाव हाती आल्यावर चोरांनी प्रमाणपत्रेही मिळविली होती. बँकेचे ई-मेलही त्याच नोंदींवर अवलंबून असल्याने ग्राहकांना सावध करण्याचा तो मार्गही बंद झाला.

लेखी संहिता म्हणजे काय?

हस्तलिखित दप्तराच्या काळात जमिनीचा व्यवहार झाला, की थेट सातबारा खोडून लिहीत नसत. आधी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, नोंद होई. सातबाऱ्यावर पेन्सिलीने खूण केली जाई. संबंधितांना नोटीस जाई, हरकतींसाठी मुदत मिळे आणि मंडल अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच पेन्सिलीची शाई होई. आज हे काम संगणकावर चालते, पण क्रम तोच आहे. फेरफार क्रमांक हाती असला, की कोणती नोंद कोणत्या आधारावर झाली याचा माग मागे मागे काढता येतो.

‘इन्फ्रास्ट्रक्चर अ‍ॅज कोड’ ही पद्धत क्लाउडच्या दप्तराला हाच क्रम लावते. कोणते सर्व्हर हवेत, कोणत्या नोंदी हव्यात, हे साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहायचे आणि एका आज्ञावलीने ती फाइल वाचून क्लाउडमध्ये तशी स्थिती निर्माण करायची. अ‍ॅमेझॉनने आपली डीएनएस सेवा ‘रूट ५३’ डिसेंबर २०१० मध्ये आणि ‘क्लाउडफॉर्मेशन’ ही संहिता-पद्धत २०११ मध्ये आणली. ५३ हा डीएनएस ज्या पोर्टवर चालते त्याचा क्रमांक. २०१४ साली हॅशिकॉर्प कंपनीचे ‘टेराफॉर्म’ आले आणि एकाच भाषेत अनेक क्लाउड सेवांची कामे लिहिता येऊ लागली. कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये त्याचा परवाना बदलल्यावर मूळ खुल्या संहितेवरून ‘ओपनटोफू’ हा वेगळा प्रकल्प लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली सुरू झाला. हॅशिकॉर्प २०२५ साली आयबीएमच्या मालकीची झाली. दोन्हींची भाषा बहुतांशी एकच आहे. केवळ डीएनएससाठी ‘ऑक्टोडीएनएस’ आणि ‘डीएनएसकंट्रोल’ ही साधनेही आहेत. गिटहब आणि स्टॅक ओव्हरफ्लो यांनी ती स्वतःच्या गरजेतून घडवून २०१७ साली सर्वांना खुली केली.

मूळ फाइल रोमन लिपीत असते. तिच्यातील एका नोंदीचा आशय असा:

झोन: बँकेचे मुख्य नाव
नाव: डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू
प्रकार: ए
टीटीएल: ३००
पत्ता: २०३.०.११३.१०

एवढ्या पाच ओळींत काही गूढ नाही, आणि सामर्थ्य आहे ते त्या फाइलभोवतीच्या शिस्तीत. फाइल ‘गिट’ या आवृत्ती-दप्तरात ठेवतात. प्रत्येक बदलासोबत कोणी, केव्हा व कोणत्या कारणासाठी केला हे नोंदले जाते. बदल सुचविणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, असा नियम घालता येतो. नंतर ‘प्लॅन’ ही आज्ञा दिली, की फाइल व प्रत्यक्ष स्थिती यांची तुलना होऊन किती नोंदी नव्याने होतील, किती बदलतील आणि किती रद्द होतील याचा तक्ता समोर येतो. ही पेन्सिलीची नोंद. ‘अप्लाय’ म्हटले, की शाई. रूट ५३ मध्ये बदल साधारणतः साठ सेकंदांत त्यांच्या सर्व सर्व्हरांवर पोहोचतो.

तिसरा घटक म्हणजे ‘स्टेट’ फाइल. संहितेतील कोणती ओळ क्लाउडमधील कोणत्या वस्तूशी बांधली आहे, याचा हिशेब तीत असतो. ती एखाद्याच्या लॅपटॉपवर ठेवू नये. क्लाउडमधील सुरक्षित साठ्यात ठेवावी, तिच्या जुन्या आवृत्त्या जपाव्यात आणि एका वेळी एकालाच लिहिता येईल असे कुलूप लावावे.

स्थलांतराचा क्रम

एखाद्या नागरी बँकेला किंवा शिक्षणसंस्थेला जुन्या व्यवस्थेतून या पद्धतीवर यायचे असेल, तर पुढील क्रम उपयोगी पडतो. बँकेने मात्र डीएनएस सेवा निवडण्यापूर्वी ती नियामकाच्या व आयडीआरबीटीच्या अटींत बसते का, हे ताडून पाहावे.

१. यादी करावी. सध्याच्या झोनमधील सर्व नोंदी उतरवून घ्याव्यात. शाखांचे ई-मेल, संदेश पाठविणाऱ्या बाहेरच्या सेवा, प्रमाणपत्राची पडताळणी यांच्या नोंदी हमखास विसरल्या जातात. प्रत्येक नोंदीपुढे तिचे कारण व जबाबदार व्यक्तीचे पद लिहावे.

२. आहे तशी स्थिती संहितेत आणावी. या टप्प्यावर काहीही सुधारू नये. टेराफॉर्ममध्ये ‘इम्पोर्ट’ची सोय आहे, जून २०२३ च्या १.५ आवृत्तीपासून अस्तित्वात असलेल्या वस्तूवरून संहितेचा मसुदाही तयार करून मिळतो. प्लॅनने ‘काहीही बदल नाही’ असे सांगितले, की दप्तर जुळले.

३. नवा झोन तयार करावा. त्यात सर्व नोंदी भराव्यात आणि जगाला कळण्याआधीच नव्या नेमसर्व्हरांना थेट विचारून एकेक उत्तर तपासावे.

४. टीटीएल उतरवावा आणि थांबावे.

५. नेमसर्व्हर बदलावेत. ही नोंद नाव देणाऱ्या संस्थेच्या दप्तरात होते, आपल्या झोनमध्ये नव्हे. आपली संहिता तेथवर पोहोचतेच असे नाही. तेथे हाताने बदल करावा लागला तर तोही गिटमधील टिपणात लिहावा. डीएनएससेक चालू असेल तर डीएस नोंदीचा क्रम कटाक्षाने पाळावा. जुनी डीएस नोंद तशीच राहून सह्या नव्या आल्या, तर तपासणी करणारे सर्व्हर संपूर्ण नावच नाकारतात.

६. जुने नाव सोडू नये. त्याचे नूतनीकरण करीत राहावे व तेथे आलेल्याला नव्या नावाकडे पाठवावे. सोडलेले नाव दुसरा कोणी विकत घेतो आणि जुन्या पत्त्यावर येणारे ग्राहकांचे ई-मेल त्याच्या हाती पडतात.

कोठे ठेच लागते?

पहिली ठेच झोन पुसला जाण्याची. रूट ५३ प्रत्येक नव्या झोनला चार नेमसर्व्हर नेमून देते. झोन पुसून त्याच नावाने पुन्हा केला, तरी चार नवेच मिळतात आणि वरच्या दप्तरात जुने राहिल्याने सारे संकेतस्थळ अदृश्य होते. म्हणून झोनवर ‘पुसण्यास मनाई’ हा शेरा संहितेतच लावून ठेवावा.

दुसरी यादीच्या क्रमाची. वीस नोंदी क्रमांकाने बांधल्या आणि मधली एक काढली, की पुढच्या सर्वांचे क्रमांक सरकतात व आज्ञावली त्या रद्द करून पुन्हा करू पाहते. नोंदी त्यांच्या नावाने बांधल्या, तर एक काढल्यावर एकच जाते.

तिसरी लांब मजकुराची. टीएक्सटी नोंदीतील एक तुकडा २५५ अक्षरांहून मोठा चालत नाही. डीकेआयएमची २०४८ बिटांची किल्ली त्यात मावत नाही, ती तोडून लिहावी लागते. चुकीच्या जागी अवतरणचिन्ह पडले, की सही पडताळत नाही आणि बँकेची खरी पत्रे ग्राहकाच्या नको असलेल्या टपालात जातात.

चौथी मराठी नावाची. ‘डॉट भारत’ हे देवनागरी नाव २७ ऑगस्ट २०१४ पासून मिळू लागले. पडद्यावर ते देवनागरीत दिसले, तरी डीएनएसमध्ये ते रोमन अक्षरे व अंकांच्या सांकेतिक रूपात साठविले जाते. संहितेतही तेच सांकेतिक रूप लिहिणे निर्धोक.

पाचवी किल्ल्यांची. क्लाउड खात्याची गुप्त किल्ली चुकूनही त्या फाइलमध्ये लिहू नये. गिट काहीच विसरत नाही. नंतर पुसलेली किल्लीही जुन्या आवृत्तीत सापडते. अशी चूक झालीच तर किल्ली ताबडतोब रद्द करावी.

महापूर आणि घाईची दुरुस्ती

कोल्हापूरकरांना २०१९ आणि २०२१ चे महापूर विसरता येणार नाहीत. राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फूट ही पंचगंगेची धोक्याची पातळी. दोन्ही वर्षी नदी तिच्या कितीतरी वर गेली, व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी असा व्यापारी भाग पाण्यात गेला आणि पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडून शहराचा संपर्क तुटला. ज्यांचा सर्व्हर कार्यालयाच्या तळमजल्यावर, त्यांच्यासाठी अशा वेळी डीएनएस नोंद ही एकच कळ उरते. नाव पुराबाहेरच्या सर्व्हरकडे वळविले, तर ग्राहकाला आपले पैसे सुरक्षित आहेत एवढे तरी वाचता येते. अ‍ॅमेझॉनचे केंद्र मुंबईत २०१६ पासून व हैदराबादेत २०२२ पासून आहे, त्यामुळे प्रतिकृती देशातच ठेवता येते.

समजा, अशा रात्री एखाद्या कर्मचाऱ्याने थेट क्लाउडच्या पडद्यावर जाऊन पत्ता बदलला. त्याने योग्यच केले. परंतु फाइलमध्ये जुना पत्ता तसाच राहिला. आठवड्याने दुसऱ्याने कुठल्याशा शाखेच्या ई-मेलची नोंद करण्यासाठी अप्लायची आज्ञा दिली. आज्ञावलीच्या दृष्टीने फाइल हेच सत्य. तिने रात्रीची दुरुस्ती ही चूक समजून परतवली आणि बँकेचे नाव पुन्हा पाण्यातल्या सर्व्हरकडे वळले. प्लॅनच्या तक्त्यात हा बदल लिहिलेला होता. तो वाचला मात्र गेला नाही. या पद्धतीतील सर्वांत मोठा धोका हाच. दप्तर आणि प्रत्यक्ष यांत पडलेल्या अंतराला ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. आणीबाणीत हाताने केलेला बदल दुसऱ्याच दिवशी संहितेत उतरविणे आणि रोज एकदा नुसता प्लॅन चालवून फरक पाहणे, हे त्यावरचे उपाय.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे वळण आधीच आखून ठेवणे. रूट ५३ मध्ये मुख्य आणि राखीव अशा दोन नोंदी करून मुख्य सर्व्हरची प्रकृती दर ३० किंवा १० सेकंदांनी तपासता येते. लागोपाठ तीन तपासण्या फसल्या, की राखीव पत्ता आपोआप दिला जातो. ही सारी मांडणी संहितेत एकदा लिहायची आणि पावसाळ्यापूर्वी तिची रंगीत तालीम घ्यायची.

यंत्राचीही चूक होते

स्वयंचलित केले म्हणजे बिनचूक झाले, असा समज करून घेऊ नये. २० ऑक्टोबर २०२५ रोजी, भारतीय वेळेनुसार दुपारी सव्वाबाराच्या सुमारास, अ‍ॅमेझॉनच्या अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया केंद्रात ‘डायनॅमोडीबी’ या सेवेचे नाव उत्तर देईनासे झाले. कारण त्यांच्याच स्वयंचलित डीएनएस व्यवस्थेत होते. नोंदींचे आराखडे अमलात आणणारी दोन यंत्रणा स्वतंत्रपणे चालत होत्या. एक रेंगाळली आणि तिने जुना आराखडा नव्यावर चढविला. त्याच वेळी दुसरीने जुने आराखडे साफ केले. परिणामी त्या नावापुढचे सर्व पत्ते पुसले गेले. नोंद पूर्ववत करण्यास सुमारे अडीच तास लागले, पण परिणाम बराच काळ रेंगाळले आणि जगभरातील असंख्य सेवा कोलमडल्या.

यातून लहान संस्थेनेही दोन गोष्टी घ्याव्यात. एक, शिळा आराखडा कधीही अमलात आणू नये. स्टेट फाइलचे कुलूप त्यासाठीच असते. दोन, रूट ५३ ची उत्तरे देणारी यंत्रणा जगभर विखुरलेली असली, तरी नोंदी बदलण्याची यंत्रणा उत्तर व्हर्जिनियातच आहे. तेथे बिघाड झाला, तर उत्तरे मिळत राहतील, परंतु नवी नोंद करता येईलच असे नाही. म्हणून संकटकाळी संहिता चालवू, यावर विसंबू नये. आधी आखलेले आपोआप वळणच त्या वेळी कामी येते.

कोणी राखावे?

खर्चाचा बाऊ करण्याचे कारण नाही. रूट ५३ मध्ये एका झोनला दरमहा अर्धा डॉलर पडतो, टेराफॉर्म व ओपनटोफू वापरण्यास मोल लागत नाही. लागतात ती दोन माणसे: एक लिहिणारा आणि एक वाचून मंजुरी देणारा. दोघांनाही दुहेरी ओळख-पडताळणी सक्तीची असावी. नावाच्या नोंदणी-खात्याचा ई-मेल संस्थेच्या पदावर असावा, कंत्राटदाराच्या खासगी पत्त्यावर नव्हे. आणि तो त्याच नावाखाली नसावा, अन्यथा नाव हातचे गेले की ते परत मिळविण्याचे पत्रही येणार नाही.

कंत्राट संपताना किल्ल्या परत घेण्याची प्रथा सर्वत्र आहे. त्या यादीत गिटमधील दप्तर, स्टेट फाइल आणि नोंदणी-खाते या तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. उद्या नवा माणूस आला, तर त्याला कोणाला न विचारता कळले पाहिजे, की ही नोंद कोणी, कोणत्या तारखेला आणि कशासाठी केली होती.